सदाबरोबर हरसूलला: डांबर टाळून, न पडता

नाशिकहून हरसूलला सायकलने जायचे दोन रस्ते आहेत. एक सगळ्यांना माहीत असलेला, गिरणारे आणि वाघेऱ्यावरून जाणारा डांबरी. दुसरा फक्त माझा मित्र सदाशिव याला माहीत असलेला, आणि तोही कागदावर. आम्ही दुसऱ्याने गेलो. हे वाचून तुमच्यापैकी कुणाला जावंसं वाटलं तर कृपया पहिल्याने जा. खड्डे आहेत, पण ते निदान रस्त्यात आहेत. सदाच्या रस्त्यात भात होता.

सदा आणि मी शाळेपासूनचे. मी कॉलेज रोडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. सदा दोन वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी भूकरमापक होता, म्हणजे शेतांची मोजणी करणारा. तीस वर्षं दुसऱ्यांचे बांध मोजून झाल्यावर माणसं निवृत्तीनंतर काशीला जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. सदाने माउंटन बाईक घेतली. जुनी, कुणीतरी वापरून कंटाळलेली. तिला त्याने दूधवाल्याच्या सायकलचं कॅरिअर बसवलं, मडगार्ड बसवले, ठणठणीत घंटी बसवली. आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका डॉक्टरांनी ती पाहून दोन मिनिटं काही बोलणंच टाळलं. त्यांची सायकल एका बोटाने उचलता येते. सदाची उचलायला दोन माणसं लागतात, पण त्या दोघांना खायला पुरेल एवढा डबा तिच्या कॅरिअरवर असतो.

या ग्रुपबद्दल सांगायला हवं. आम्ही चाळीसेक जण आहोत. रविवारी पहाटे निघतो, मिसळ खातो आणि परत येतो. मग व्हॉट्सअॅपवर आकडे टाकतो: साठ किलोमीटर, सरासरी चोवीस. मिसळीच्या दुकानात गेलेला तास त्यात कुणी धरत नाही. फोटोत सगळ्यांचे अंगठे वर असतात. आणि त्याखाली सदाचा मेसेज असतो: "आज अकरा किलोमीटर. पैकी चार ढकलत. एकदा पडलो, डावीकडे. चूक माझी." त्यावर कुणाला काय लिहावं कळत नाही. दोनचार जण हात जोडल्याची चिन्हं टाकतात.

सदा खोटं बोलत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, त्याच्यासोबत जाणाऱ्याला इशारा देतोय. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि त्याच्यासमोर दुसऱ्याने बोललेलंही चालत नाही. लग्नात कुणी "जेवण छान होतं" म्हटलं की सदा म्हणतो, "वरणात मीठ कमी होतं." यजमानांच्या देखत. त्याची बायको, आमच्या सुनंदावहिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. तीस वर्षं त्या ही वाक्यं झेलत आल्या आहेत.

तर वहिनींनी अट घातली होती. कारण साधं होतं. दोन वर्षांत सदाचं खांद्याजवळचं कॉलरबोन दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी तो पेठच्या बाजूला एका ओढ्यात पडला होता. तिथल्या कुणीतरी त्याच्या फोनवरून वहिनींना फोन लावला, "तुमचे मालक पडलेत" एवढं सांगितलं आणि फोनची बॅटरी संपली. पुढचे चार तास तो कुठे आहे, कसा आहे, आहे की नाही, काही कळेना. आणलं तर इथेच आणतील म्हणून ते चार तास वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या आणि मी त्यांच्याशेजारी होतो. त्या रडल्या नाहीत. मांडीवरच्या पर्सचा बंद त्यांनी इतक्या वेळा उघडला आणि लावला की शेवटी तो तुटला.

"भाऊजी," त्या मला या वेळी निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "हे हरसूलला जाणार म्हणतात. जाऊ देत. पण सायकलवरून एकदा जरी पडले ना, तरी सायकल विकायची. यांनी कबूल केलंय. तुम्ही बरोबर जा आणि आल्यावर मला खरं सांगा."

"खरं तर तोच सांगेल," मी म्हणालो.

"ते सांगतीलच हो. पण ते अर्धा तास सांगतील. मला एका वाक्यात हवंय."

अशा रीतीने माझी साक्षीदार म्हणून नेमणूक झाली. सदाने आक्षेप घेतला नाही. फक्त विचारलं, "पडणे याची व्याख्या काय?" वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि व्याख्या तशीच राहिली. तेव्हा ती केली असती तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

पाऊस नुकताच उघडला होता. दसऱ्याच्या आधीचे दिवस. जायचं असेल तर हेच दिवस धरा, कारण डोंगर हिरवे असतात आणि ऊन अजून भाजत नाही. सकाळी सहाला गंगापूर रोडवर भेटलो. सदाचा अवतार पाहण्यासारखा होता. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली पांढरी टोपी. पाठीवर प्लॅस्टिकचं लांब नळकांडं. त्या नळकांड्यात गावनकाशे होते. या जुन्या नकाशांवर गावाची प्रत्येक पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, दाखवलेली असते. सदाचा दावा असा की नाशिक ते हरसूल डांबराला चाक न लावता, नुसत्या पाणंदींनी जाता येतं. फोनमधल्या नकाशावर त्याचा विश्वास नाही. "त्यात दुकानं दिसतात," तो म्हणतो, "जमीन दिसत नाही."

त्याच्याबरोबर जाताना पहिला तास वैतागाचा असतो. डावीकडे, उजवीकडे हे शब्द तो वापरत नाही. मागून ओरडतो, "वायव्येला घे!" मी ब्रेक लावून सूर्य शोधतो, तोवर तो पुढे गेलेला असतो. गिरणाऱ्यापर्यंत मात्र मजा आली. गंगापूर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने मातीची वाट आहे, तिच्यावर बगळे आणि आम्ही. गिरणाऱ्यात टोमॅटोचा हंगाम जोरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रेटच्या भिंती, मधून पिकअप गाड्या. चहा दहा रुपये, वडापाव वीस, आणि बसायला उलटा क्रेट फुकट. एका व्यापाऱ्याने सदाचं नळकांडं पाहून विचारलं, "काय, बंदूक?" सदाने त्याला नकाशा उघडून दाखवला आणि तो बसला होता ती जागा रस्त्याच्या हद्दीत येते हेही सांगितलं. चहाचे दुसरे कप आले नाहीत.

गिरणाऱ्याच्या पुढे आम्ही नकाशात शिरलो. एक पाणंद द्राक्षबागेच्या तारेत संपली. दुसरी कुणाच्या तरी अंगणातून जात होती. तिथल्या आजींनी पाणी दिलं आणि आम्ही कुठल्या पक्षाचे म्हणून विचारलं. तिसरी खरोखर होती. दोन्ही बाजूंना निवडुंग, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि जवळजवळ तीन किलोमीटर चिटपाखरू नाही. त्या वाटेवर सदा जसा चालवत होता तसं मी कुणाला सायकल चालवताना पाहिलेलं नाही. वेग नव्हता, ऐट तर नव्हतीच. पण दगड, ओहोळ, घसरण सगळं त्याला जणू आधीच ठाऊक होतं. वाटेत मैलभर कुणी नसताना तो वळणावर घंटी वाजवत होता. मला हेवा वाटला, हे इथे कबूल करतो.

बरोबर दीड वाजता, वाघेऱ्याच्या चढावर, सदा उतरला आणि डबा उघडला. नोकरीत जेवणाची सुट्टी दीडला व्हायची, ती अजून होते. चढ संपायला दोनशे पावलं उरली होती आणि वर झाडाची सावली दिसत होती.

"वर बसू ना रे," मी म्हणालो.

"वर पोहोचेपर्यंत एक पस्तीस होतील."

उन्हात बसून जेवलो. मेथीचे पराठे होते, लसणाची चटणी होती, वहिनींनी माझ्यासाठी वेगळे चार लाडू दिले होते. साक्षीदाराची सरबराई म्हणा. दोनला डबा बंद. दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही त्या सावलीखालून गेलो आणि तिथे थांबलो नाही.

घाट उतरल्यावर हरसूलच्या अलीकडे एक पाडा लागतो. नाव देत नाही, तिथल्या लोकांना माझा लेख नको असेल. नकाशाप्रमाणे इथून पाणंद सरळ पश्चिमेला जायला हवी होती. प्रत्यक्षात समोर भाताची खाचरं होती, कंबरेएवढा भात, आणि मधून एक अरुंद बांध. सदाने सायकल आंब्याला टेकवली, नळकांडं उघडलं आणि नकाशा बांधावर पसरला.

पाच मिनिटांत एक माणूस धावत आला. त्याच्या मागून दुसरा आला, पण पहिल्यापासून दहा पावलं अंतर राखून.

"आले का साहेब!" पहिला म्हणाला. त्याचं नाव काशीराम. "लय वाट पाह्यली. आता येतील, मंग येतील, डोळं दुखलं."

"कोण येणार होतं?" मी विचारलं.

"मोजणीवाले ना तुमी?" मग त्याची नजर सायकलीकडे गेली. "सरकारनं आता सायकली दिल्या का?"

दुसरा माणूस म्हणजे त्याचा चुलतभाऊ देवराम. आमच्या पायाखालचा बांध कुणाचा, यावरून दोघांत अबोला होता. एकाने मोजणीचा अर्ज दिला होता. खाकी शर्ट, टोपी आणि नकाशा पाहून दोघांनाही वाटलं की अर्जाला पाय फुटले. सदाने सांगितलं की तो निवृत्त आहे. देवराम हसला. "सगळे साहेब पयल्यांदा असंच बोलतात."

मी सदाच्या कानात म्हणालो, "चल, निघू." पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की उशीर झालाय. तीस वर्षं जो माणूस बांध मोजत होता, त्याच्यापुढे दोन भाऊ एक बांध घेऊन उभे होते. त्याचे डोळे चमकत होते.

"मोजणी करायचा मला अधिकार नाही," तो म्हणाला. "नकाशात काय आहे एवढं सांगतो."

आणि त्याने सांगितलं. नकाशात काय होतं? तो बांध काशीरामचाही नव्हता आणि देवरामचाही नव्हता. तिथे पाणंद होती, आठ हात रुंद, गावाची. दोन्ही भावांनी दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत तिचा एवढासा बांध करून टाकला होता.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काशीराम देवरामच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"रस्ता बिस्ता इथं काय नाय," तो म्हणाला.

"नव्हताच," देवराम म्हणाला. "आमच्या आज्यापासून नाय."

कित्येक वर्षांचा अबोला एका वाक्यात संपला. सलोखा करायचा असेल तर दोघांच्याही हातून काहीतरी जाणार आहे असं सांगा, एवढं मी त्या दिवशी शिकलो. सदा मात्र पेटला. पाणंद कुठून कुठपर्यंत होती हे दाखवण्यासाठी तो नकाशा हातात धरून, आमच्याकडे तोंड करून, उलट चालत पावलं मोजू लागला. "एक, दोन, तीन... ही बघा, ही इथून..."

सोळाव्या पावलाला बांध संपला. सदा उताणा भातात पडला. फक्त नकाशा वर धरलेला दिसत होता, कोरडा.

आम्ही तिघांनी त्याला ओढून काढलं. पाठीला चिखल, कानात चिखल, आणि उजवं मनगट बघता बघता सुजलं. काशीरामने स्वतःच्या गमछ्याने त्याचं तोंड पुसलं. पण सदाला मनगटाचं काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"मी पडलो," तो म्हणाला.

"सायकलवरून नाही पडलास."

"हे तिला कोण पटवणार? हात सुजलाय, अंगभर चिखल आहे. मी म्हणेन की चालताना पडलो. सायकलवाला माणूस चालताना पडला, हे कुणाला खरं वाटेल?"

हे मात्र खरं होतं. आयुष्यभर खरं बोलून या माणसाच्या वाट्याला अशी घटना आली होती की जी खरी वाटतच नव्हती. मी सांगितलं असतं तरी वहिनी म्हणाल्या असत्या, भाऊजी मित्राला सांभाळून घेतायत. मग सदाने तेच केलं जे तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत शिकला होता. डाव्या हाताने पिशवीतून कोरा कागद काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "लिही. पंचनामा."

मूळ कागद वहिनींकडे आहे. मी दुकानात झेरॉक्स काढून ठेवली, त्यातला भाग देतो:

"आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर इसम हे नकाशातील पाणंद दाखविणेकामी उलट चालत असता, मागे बांध संपल्याचे त्यांना ज्ञात नसल्याने भाताच्या खाचरात उताणे पडले. पडतेसमयी त्यांचेजवळ सायकल नव्हती. सायकल घटनास्थळापासून पूर्वेस बेचाळीस पावलांवर आंब्याच्या झाडास टेकून उभी होती व ती पडलेली नाही. घटनास्थळाची चतुःसीमा: पूर्वेस बांध, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस काशीराम यांचे भात, दक्षिणेस देवराम यांची म्हैस."

"म्हस तं निघून जाईल, साहेब," देवराम म्हणाला.

सदाने विचार केला आणि मला लिहायला लावलं: "पंचनाम्याचे वेळी."

पहिल्या वाक्यावर वाद झाला. "पाणंद" हा शब्द असेल तर सही करणार नाही, असं दोघे भाऊ म्हणाले. सदा म्हणाला, पाणंद होती, ती लिहावीच लागेल. पाऊण तास गेला. तोवर काशीरामच्या आई सकरूबाई कोरा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वहिनींच्या अटीसकट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपटला तो आपटला. हाताला हळद लावायची सोडून कागद कसले करता?" आणि त्यांनी सदाच्या मनगटाला गरम हळद लावून फडक्याने बांधलं. शेवटी "नकाशातील पाणंद" असा शब्द ठरला. नकाशात असायला भावांची हरकत नव्हती, जमिनीवर होती. दोघांनी एकाच पेनाने, एकाखाली एक सह्या केल्या. सकरूबाईंनी अंगठा दिला आणि वर म्हणाल्या, "बाई शानी दिसते याची."

हरसूलला पोहोचेपर्यंत साडेपाच झाले. सदा एका हाताने सायकल ढकलत चालला. बाजाराचा दिवस होता, पण बाजार उठत आला होता. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, ढीग, सुकटीचा वास, पाटीत उरलेली करटोली. एका खानावळीत नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण मिळालं, दोघांचे मिळून दीडशे. मुक्कामाला दुकानावरची एक खोली मिळाली, पाचशे रुपये, बादलीभर गरम पाण्यासकट. उशा स्वतःच्या न्या.

दुसऱ्या दिवशी हात सुजलेलाच होता. मी ठाम सांगितलं की आता पाणंद नाही, आंबोलीवरून त्र्यंबक आणि तिथून सरळ नाशिक, डांबरी रस्त्याने. सदाने नळकांड्याचं झाकण घट्ट लावलं. पूर्ण वाट तो एखाद्याला तुरुंगात नेतात तसा चालवत होता. आंबोलीचा परिसर त्या दिवसांत असा सुंदर असतो की मी तीनदा थांबून फोटो काढले. सदा तीनही वेळा खाली डांबराकडे बघत उभा होता. त्र्यंबकला पेढे घेतले. महिरावणीच्या पुढे वाहनं वाढली आणि मी त्याला माझ्या डाव्या हाताला ठेवलं. सातपूर आलं. घर पाच किलोमीटरवर होतं आणि सायकलवरून तो एकदाही पडला नव्हता. मी मनातल्या मनात वहिनींसाठी एक वाक्य तयार केलं होतं.

सिग्नलच्या अलीकडे, फुटपाथच्या कडेला, पानटपरीखाली एक दगड अर्धा गाडलेला होता. मला तो दगड वाटला. सदाला तो हद्दीचा दगड वाटला, आणि तो होताही.

"अरे!" सदा ओरडला. "हा इथे आहे!" आणि मान तिकडे वळवली. पुढचं चाक फुटपाथला लागलं. तो हळूच, अगदी सावकाश, डावीकडे कलंडला आणि सायकलसह रस्त्यावर बसला.

लागलं काहीच नाही. चड्डीला धूळ लागली, तीही झटकली. पाहिलं कुणी? मी आणि एक रिक्षावाला. रिक्षावाला म्हणाला, "काका, दगड बघायला थांबायचं ना आधी," आणि सिग्नल सुटल्यावर निघून गेला.

"हे पडणं नाही," मी म्हणालो. "हे बसणं आहे. कुणी पाहिलेलं नाही. आपण बोलायचं नाही."

सदा काही म्हणाला नाही. मी ते होकार समजलो. इतक्या वर्षांनंतरही माझं असं होतं.

घरी वहिनींनी दार उघडलं. आधी त्याचा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मी घाईघाईने पंचनामा पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. "दक्षिणेस म्हैस"पर्यंत आल्यावर त्यांना बसावं लागलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. सकरूबाईंचा अंगठा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

"बरं. ही सायकल निर्दोष. आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो. एका वाक्यातही नाही, एका शब्दात.

"आहे," सदा म्हणाला. "सातपूरच्या सिग्नलला पडलो. सायकलवरून. डावीकडे. चूक माझी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते; शाळेत त्यांची मुलं का घाबरत असतील ते कळलं. मग त्या म्हणाल्या, "ठरलंय ते ठरलंय." सदाने मान डोलावली. त्याच्या घरात शब्द म्हणजे शब्द. मला मात्र संताप आला होता, त्याचा, स्वतःचा, त्या दगडाचा. मी त्याला जिन्यात गाठून म्हणालो, "गप्प बसायला काय झालं होतं तुला?" तो म्हणाला, "अरे, मग ती पुढच्या वेळी माझं कसं ऐकणार? पुन्हा बाकावर बसेल."

जाहिरात त्यानेच लिहिली आणि माझ्याच दुकानात छापली. "माउंटन बाईक विकणे आहे. मालक नऊ वेळा पडले, दोनदा हाड मोडले. गिअर तिसऱ्यावर अडकतो. वजन फार. घंटी उत्तम." पहिल्या दोन आठवड्यांत चार जण आले आणि गेले. त्यातल्या एकाला सदाने सायकल उचलून पाहायला लावली होती. वहिनी दर रविवारी म्हणायच्या, "गिऱ्हाईक येईपर्यंत गंजू देऊ नका, धरणापर्यंत फिरवून आणा." मी बरोबर जायचो.

मागच्या रविवारी एक तरुण इंजिनिअर आला. मी तिथेच होतो. सदाने त्याला सगळे दोष सांगितले, नऊही पडणी ठिकाणांसकट. मुलगा ऐकत गेला आणि त्याचे डोळे चमकत गेले. "काका, मला अशीच हवी होती," तो म्हणाला. "जी खरोखर फिरलीये." सांगितलेली किंमत त्याला मान्य होती. सदाने खाली पाहिलं. मग सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मुलाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे पाहिलं.

"सॉरी हां," त्या म्हणाल्या. "यांना सांगायचं राहिलं. सायकल कालच विकली गेली. उद्या न्यायला येणार आहेत."

काल कुणी आलं नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि सदाला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं. चुकीचं वाक्य ऐकलं की तो नेहमी उघडतो तसं.

सदाने तोंड मिटलं, ट्रेमधला कप उचलला आणि चहा पिऊ लागला.